रंग कोणाचे? नाझी राजवटीची रंगीत छायाचित्रे आणि प्रेक्षकांचे प्रतिसाद : एक चिकित्सा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचे आपल्या मनातील चित्र कृष्णधवल आहे. पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रे, वृत्तपटांचे तुकडे, छळछावण्यांच्या मुक्ततेच्या वेळी टिपलेली दृश्ये या सर्वांतून ते घडले. त्या काळीही आकाश निळेच होते, झाडे हिरवीच होती आणि माणसांच्या गालांवर रक्ताचा रंग होता, हे बुद्धीला ठाऊक असते. परंतु मनाला ते जाणवत नाही. म्हणूनच त्या काळातील एखादे अस्सल रंगीत छायाचित्र समोर आले की प्रेक्षक दचकतो. हे दचकणे नेमके कशाचे असते, त्यातून उमटणारे प्रतिसाद कोणत्या प्रकारचे असतात आणि त्यांवर कितपत विसंबता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला एक अनुभव निमित्त ठरला. युद्धकालीन युरोपीय साहित्याची पार्श्वभूमी समजावून देताना पदवीच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने 1938 च्या न्यूरेंबर्ग येथील नाझी पक्षमेळाव्याची काही रंगीत छायाचित्रे पडद्यावर दाखविली. त्या राजवटीच्या भीषणतेचा प्रत्यय यावा, हा हेतू होता. वर्गातून उमटलेला पहिला उद्गार मात्र ‘केवढी शिस्त!’ असा होता आणि दुसरा, ‘हे तर काल-परवाचे वाटते.’ हे दोन्ही उद्गार प्रामाणिक होते. त्यांना अज्ञान म्हणून बाजूला सारणे सोपे होते. परंतु तसे केल्याने प्रश्न सुटत नाही. ते छायाचित्र ज्या हेतूने काढले गेले होते, तो हेतू आठ दशकांनंतर महाराष्ट्रातील एका वर्गात सफल झाला होता आणि त्याला प्रस्तुत लेखकाचाच हातभार लागला होता.

या लेखात तीन संग्रहांचा विचार केला आहे : ह्यूगो येगर यांनी टिपलेली हिटलरची व त्याच्या समारंभांची चित्रे, आंद्रे झुका यांनी टिपलेला जर्मनव्याप्त पॅरिस आणि वाल्टर गेनेवाइन यांनी टिपलेला लोड्झ येथील ज्यूंचा घेट्टो. या तीन संग्रहांना अनुक्रमे मोह, संताप आणि संशय असे तीन प्रकारचे प्रतिसाद प्रामुख्याने मिळाले. हे तिन्ही प्रतिसाद रंगाभोवती घोटाळतात. परंतु तो रंग कोणाला उपलब्ध होता, या मूळ प्रश्नापर्यंत ते सहसा पोहोचत नाहीत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

1. रंगामागील तंत्र आणि सत्ता

रंगीत छायाचित्रण सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात येण्याचा काळ आणि नाझी सत्तेच्या उत्कर्षाचा काळ एकच आहे. अमेरिकेत 1935 मध्ये कोडॅक्रोम ही फिल्म बाजारात आली. जर्मनीत 1936 मध्ये आग्फा कंपनीने आग्फाकलर-नॉय ही फिल्म आणली. रंग निर्माण करणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच समाविष्ट असल्याने तिच्यावरील रासायनिक प्रक्रिया तुलनेने सोपी होती. या फिल्मवरून पारदर्शिका तयार होत आणि त्या भिंतीवर मोठ्या करून पाहता येत. तिची एक मर्यादा मात्र होती. तिची प्रकाशसंवेदनक्षमता कमी होती, त्यामुळे चांगले चित्र मिळण्यासाठी लख्ख ऊन लागे. ही किरकोळ वाटणारी तांत्रिक बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

आग्फा ही आय. जी. फार्बेन या बलाढ्य रसायन-उद्योगसमूहाचा भाग होती. याच समूहाने आउश्विट्झजवळ मोनोविट्झ येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्यासाठी छावणीतील कैद्यांना राबविले. वोल्फेन येथील फिल्मच्या कारखान्यातही युद्धकाळात सक्तीचे मजूर आणि छावणीतील स्त्री-कैदी कामाला जुंपण्यात आल्या होत्या. याचा अर्थ असा, की ज्या फिल्मवर तो काळ ‘जिवंत’ दिसतो, ती फिल्मही त्या व्यवस्थेबाहेरची नव्हती.

राजवटीला रंगाचे मोल पुरेपूर कळले होते. प्रचारमंत्री गोबेल्स याने रंगीत चित्रपटनिर्मितीला प्रोत्साहन दिले. उफा या चित्रसंस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त 1943 मध्ये आलेला ‘म्युन्शहाउझन’ हा भव्य चित्रपट आग्फाकलरमध्येच चित्रित झाला होता. युद्ध निर्णायक वळणावर आले असताना एवढा खर्च एका रंगीत चित्रपटावर करण्यात आला, यावरून या माध्यमाकडे पाहण्याची सत्तेची दृष्टी ध्यानात येते. दुसऱ्या बाजूला जर्मनीतील ज्यूंकडील कॅमेरे व दुर्बिणी यांची प्रथम नोंद आणि नंतर जप्ती अशी प्रक्रिया 1941-42 मध्ये पार पडली. पाहण्याची साधनेच एका समूहाकडून काढून घेण्यात आली. एकाच्या हाती रंगीत फिल्म आणि दुसऱ्याच्या हातातून साधा कॅमेराही गेलेला, ही विषमता ध्यानात घेतल्याशिवाय या छायाचित्रांचे वाचन सुरूच होऊ शकत नाही.

2. येगर : मोहाचा प्रतिसाद

ह्यूगो येगर हे 1936 पासून हिटलरच्या परिवारात वावरणारे छायाचित्रकार होते. पक्षाचे मेळावे, 20 एप्रिल 1939 रोजी साजरा झालेला हिटलरचा पन्नासावा वाढदिवस, भेटवस्तूंनी भरलेली दालने, खाजगी बैठका हे सारे त्यांनी रंगीत फिल्मवर टिपले. त्यांच्या पारदर्शिकांची संख्या सुमारे 2000 आहे. 1945 मध्ये पराभव समोर दिसू लागल्यावर, या चित्रांमुळे आपण अडचणीत येऊ या भीतीने त्यांनी त्या पारदर्शिका काचेच्या बरण्यांत घालून म्युनिकच्या बाहेर जमिनीत पुरल्या. पुढे त्या उकरून बँकेच्या तिजोरीत ठेवल्या आणि 1965 मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ या नियतकालिकाला विकल्या. तेव्हापासून ‘दुर्मिळ रंगीत छायाचित्रे’ म्हणून त्यांचे वारंवार पुनर्मुद्रण होत आले आहे.

या चित्रांवरील सर्वसामान्य प्रतिसादात दोन भाव एकत्र आढळतात. एक, काळाचे अंतर नाहीसे झाल्याचा अचंबा. दोन, भव्यतेपुढे दिपून जाणे. ध्वजांचा तांबडा रंग, मशालींचा पिवळा उजेड, गणवेशांच्या एकसारख्या रांगा यांची रचनाच डोळा बांधून ठेवण्यासाठी केलेली होती. वाल्टर बेन्यामिन यांनी 1930 च्या दशकातच फॅसिझम हा राजकारणाला सौंदर्यानुभवाचे रूप देतो, असे निदान केले होते. सुझन सोन्टॅग यांनी 1975 मध्ये लेनी रिफेन्श्टालच्या छायाचित्रांवर लिहिताना, असे सौंदर्य त्याच्या मूळ राजकारणापासून सुटे करून चाखण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली. या दोन्ही विवेचनांचा रोख रचनेवर आहे : गर्दीचे साचे, शरीरांची शिस्त, नेत्याभोवतीची मांडणी. येगर यांच्या चित्रांत या रचनेला रंगाची जोड मिळते आणि तिची पकड आणखी घट्ट होते.

मराठीत ‘रंग’ हा शब्द केवळ वर्णाचा वाचक नाही. मैफलीला रंग चढतो, खेळाचा बेरंग होतो आणि एखादी गोष्ट नसलेल्या गुणांनी सांगितली की ती ‘रंगवून सांगितली’ असे आपण म्हणतो. येगर यांच्या चित्रांत हे सर्व अर्थ एकवटले आहेत. सोहळ्याला रंग चढावा म्हणून रंगीत फिल्म वापरली गेली आणि सोहळा स्वतःच रंगवून सांगितलेली गोष्ट होती. विद्यार्थ्याला जी ‘शिस्त’ दिसली, ती चौकटीच्या आत होती. चौकटीबाहेर काय होते हे सांगण्याचे काम चित्र करीत नाही. 1938 च्या सप्टेंबरात तो मेळावा झाला आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, 9 व 10 नोव्हेंबरला, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली व दुकाने फोडण्यात आली. ती शिस्तीची दुसरी बाजू होती.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. येगर यांनी पोलंडमधील कुत्नो येथील घेट्टोचीही रंगीत छायाचित्रे काढली. त्यांत उघड्यावर राहणारी, फाटक्या वस्त्रांतील माणसे दिसतात. काही जणी कॅमेऱ्याकडे पाहून किंचित हसतातही. ज्या डोळ्याने वाढदिवसाच्या भेटवस्तू टिपल्या, त्याच डोळ्याने ही माणसेही टिपली. दोन्हीकडे प्रकाश तितकाच चोख आहे. ‘दुर्मिळ’ या एका विशेषणाखाली ही दोन्ही प्रकारची चित्रे ओळीने मांडली जातात, तेव्हा नेता आणि त्याचे बळी एकाच कुतूहलाचे विषय होऊन बसतात. मोहाच्या प्रतिसादातील हा सर्वांत मोठा धोका होय.

3. झुका : संतापाचा प्रतिसाद

20 मार्च 2008 रोजी पॅरिस शहराच्या ऐतिहासिक ग्रंथालयात आंद्रे झुका (1897-1973) यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन सुरू झाले. व्याप्त काळातील पॅरिसवासी असा त्याचा विषय होता आणि अडीचशेहून अधिक चित्रे त्यात मांडली होती. झुका हे ‘सिग्नल’ या जर्मन लष्कराच्या प्रचारपत्रिकेसाठी काम करीत. ही सचित्र पत्रिका 1940 ते 1945 या काळात वीसहून अधिक भाषांत निघत होती आणि तिचा खप ऐन भरात पंचवीस लाखांच्या आसपास पोहोचला होता. सामान्य फ्रेंच छायाचित्रकाराला रस्त्यावर चित्रे काढण्याची मुभा नव्हती; झुकांना ती होती, शिवाय दुर्मिळ अशी आग्फाकलर फिल्मही त्यांना पुरविली जात होती.

प्रदर्शनातील पॅरिस प्रसन्न होता. फॅशनेबल चष्मे घातलेल्या तरुणी, उद्यानातील मुले, कॉफीगृहांबाहेरील गप्पा, सायकली, घोड्यांच्या शर्यती. अधूनमधून जर्मन गणवेश, र्यू द रिव्होलीवरचे स्वस्तिकांकित ध्वज आणि अगदी मोजक्या चित्रांत छातीवर पिवळा तारा लावलेली माणसे. या चित्रांनी मोठे वादळ उठविले. अन्नटंचाई, रांगा, अटकसत्र यांचा मागमूस नसलेला हा पॅरिस खरा कसा, असा प्रश्न विचारला गेला. प्रदर्शनाच्या शीर्षकातील व्याकरणावरही आक्षेप आला : त्यातील निश्चित उपपदामुळे ‘समस्त पॅरिसवासी’ असे ध्वनित होते, प्रत्यक्षात दिसतात ते ‘काही पॅरिसवासी’. महापालिकेतील सांस्कृतिक खात्याचे उपमहापौर क्रिस्तोफ जिरार यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. महापौर बेर्त्रां देलानोए यांनी मात्र प्रदर्शन बंद न करता, झुका कोणासाठी काम करीत होते आणि ही चित्रे काय दाखवीत नाहीत हे सांगणारे निवेदन प्रेक्षकांच्या हाती देण्याची व्यवस्था केली.

संतापाचा हा प्रतिसाद मोहाच्या प्रतिसादाहून निःसंशय अधिक जागरूक होता. प्रदर्शनाच्या सूचीपुस्तकाला ज्यां-पिएर अझेमा यांच्यासारख्या मान्यवर इतिहासकाराची प्रस्तावना होती. परंतु भिंतीवरील चित्रे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पुस्तक नसते. संदर्भाविना चित्र लावणे म्हणजे प्रचारकाने दिलेल्या चौकटीतच प्रेक्षकाला उभे करणे होय, हा आक्षेप योग्यच होता.

तरीही या संतापाची एक मर्यादा दिसते. ‘व्याप्त पॅरिस इतका सुंदर असूच शकत नाही’ या उद्गारामागे एक सोयीची कल्पना दडलेली असते. दडपशाहीचा काळ हा सर्वांसाठी, सर्व वेळ काळोखाचाच असला पाहिजे, अशी ती कल्पना. कृष्णधवल चित्रांनी तिला खतपाणी घातले आहे. वास्तव याहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. व्याप्त फ्रान्समध्ये ज्यूंना पिवळा तारा लावण्याची सक्ती 7 जून 1942 पासून अमलात आली. 16 व 17 जुलै 1942 या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात सुमारे 13,000 ज्यू स्त्री-पुरुष व मुलांना पकडले. हे सारे ऐन उन्हाळ्यात घडले. त्याच उन्हाळ्यात उद्यानांत मुले खेळत होती आणि कॉफीगृहे भरलेली होती. शेजारच्या घराला टाळे लागले असताना आपल्या घरात दिवा लागतो, हे हुकूमशाहीचे खरे स्वरूप आहे. झुकांची चित्रे जर पूर्णतः खोटी ठरविली, तर या निबर सामान्यपणाला सामोरे जाण्याची संधीही हातची जाते.

येथे फिल्मच्या मंदपणाचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. आग्फाकलरला ऊन हवे होते, म्हणून झुका उन्हाच्या दिवशी बाहेर पडत. परिणामी थंडीने गारठलेली, कोळशाविना काढलेली पॅरिसची रात्र या संग्रहात येऊच शकली नाही. या चित्रांतील प्रसन्नतेचा काही भाग प्रचाराचा, काही भाग छायाचित्रकाराच्या स्वभावाचा आणि काही भाग निव्वळ रसायनशास्त्राचा आहे. ‘खरे की खोटे’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या समीक्षेला हे तीन धागे वेगळे करता येत नाहीत.

झुकांचे पुढे काय झाले, हेही बोलके आहे. मुक्ततेनंतर त्यांना अटक झाली, परंतु खटला पुढे चालला नाही. पॅरिस सोडून ते द्रो या गावी गेले आणि वेगळ्या नावाने लग्नसमारंभांची चित्रे काढू लागले. प्रसन्न माणसे टिपण्याचे त्यांचे कौशल्य तेथेही उपयोगी पडले असणार.

4. गेनेवाइन : संशयाचा प्रतिसाद

तिसरा संग्रह सर्वांत अवघड आहे. पोलंडमधील लोड्झ शहरात (पोलिश उच्चार ‘वूच’) 1940 च्या वसंतात ज्यूंचा घेट्टो बंदिस्त करण्यात आला. ऑगस्ट 1944 पर्यंत टिकलेल्या या घेट्टोतून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. चाळीस हजारांहून अधिक तेथेच उपासमार व रोगराईने मेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना हेल्म्नो आणि आउश्विट्झ येथे ठार करण्यात आले. या घेट्टोच्या जर्मन प्रशासनात वाल्टर गेनेवाइन हे ऑस्ट्रियन गृहस्थ मुख्य हिशेबनीस होते. छायाचित्रण हा त्यांचा छंद होता. त्यांच्या सुमारे 400 रंगीत पारदर्शिका 1987 मध्ये व्हिएन्नातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडल्या. आज त्या फ्रँकफर्ट येथील ज्यू संग्रहालयात आहेत.

या चित्रांत कारखाने आहेत, शिलाई यंत्रांच्या रांगा आहेत, तयार मालाचे नमुने आहेत. घेट्टोच्या ज्यू मंडळाचा प्रमुख खाइम रुमकोवस्की आहे आणि 1941 मध्ये पाहणीसाठी आलेला हिमलरही आहे. हिशेबनिसाच्या नजरेला जे दिसावे ते सारे या चित्रांत दिसते. सप्टेंबर 1942 मध्ये दहा वर्षांखालील मुले, वृद्ध आणि आजारी माणसे घराघरांतून ओढून मृत्यूकडे पाठविण्यात आली, तो प्रसंग या हिशेबात बसत नाही. गेनेवाइन यांनी आग्फा कंपनीला पत्र लिहून आपल्या पारदर्शिकांवर तांबूस छटा येत असल्याची तक्रार केली होती. त्यांच्या भोवती हजारो माणसे मरत होती. त्यांना खुपत होता तो रंगातील दोष.

पोलिश दिग्दर्शक दारिउश याब्वोन्स्की यांनी 1998 मध्ये या संग्रहावर ‘फोटोअमाटोर’ हा माहितीपट केला. त्यात घेट्टोतील वैद्य व वाचलेले साक्षीदार आर्नोल्ड मोस्तोविच बोलतात. त्यांना या चित्रांतील स्थळे ओळखता येतात, परंतु आपण जगलेला घेट्टो त्यांत सापडत नाही. चित्रांतील प्रत्येक वस्तू खरी आणि तरीही एकूण चित्र खोटे, हा पेच त्यांच्या साक्षीतून उभा राहतो. दिग्दर्शकाने एक साधी, पण मर्मभेदी योजना केली आहे : गेनेवाइन यांच्या पारदर्शिका रंगीत दाखविल्या आहेत आणि आजचे लोड्झ व आजचा साक्षीदार कृष्णधवल. वर्तमान रंगीत आणि भूतकाळ करडा, ही आपली सवय त्याने उलटी केली. रंग हे सत्याच्या जवळिकीचे प्रमाण नसून तीही एक संकेतव्यवस्था आहे, हे प्रेक्षकाला त्यामुळे कळते.

रोलाँ बार्थ यांना छायाचित्रातील रंग नेहमीच वरून चढविलेल्या लेपासारखा वाटे. मूळ सत्य कृष्णधवलात आहे, असा त्यांचा कल होता. गेनेवाइन यांच्या चित्रांबाबतचा संशय बहुधा याच वळणाने जातो. परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. उलरिक बेअर यांनी 2002 मधील आपल्या ग्रंथात या पारदर्शिकांचे जे वाचन केले आहे, त्यातून एक महत्त्वाची दिशा मिळते : चित्र घेणाऱ्याच्या दृष्टीच्या विरुद्ध जाऊन ते पाहता येते. हिशेबनिसाने यंत्रामागचा कामगार टिपला. पण त्या कामगाराने कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर हिशेबनिसाच्या मालकीची नव्हती. ती आपल्यापर्यंत पोहोचते. संशयाने चित्राकडे पाठ फिरविली, तर या माणसाकडेही पाठ फिरते आणि त्याचे एकमेव उरलेले चित्र कदाचित हेच असते.

5. जमिनीत पुरलेले दोन संग्रह

याच लोड्झ घेट्टोत कॅमेरा हाती असलेली दुसरीही माणसे होती. हेन्रिक रॉस आणि मेंडेल ग्रॉसमन हे ज्यू छायाचित्रकार घेट्टोच्या सांख्यिकी विभागात नोकरीला होते. ओळखपत्रांची व उत्पादनाची चित्रे काढणे हे त्यांचे अधिकृत काम. परवानगी नसलेली चित्रे त्यांनी चोरून काढली : उपासमार, मृतदेहांच्या गाड्या, स्थानकाकडे नेली जाणारी माणसे. त्यांची फिल्म कृष्णधवल होती. ग्रॉसमन 1945 मध्ये युद्धाच्या अखेरीस मृत्यूयात्रेत मरण पावले. रॉस यांनी 1944 मध्ये आपल्या निगेटिव्ह जमिनीत पुरल्या आणि मुक्ततेनंतर 1945 मध्ये त्या उकरून काढल्या. ओलाव्याने पुष्कळ नष्ट झाल्या होत्या. 1961 मध्ये आइशमानच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली.

येगर यांनीही चित्रे पुरली आणि रॉस यांनीही पुरली, दोघांच्या कृतींमध्ये वर्षभराचेही अंतर नाही. एकाने आपल्यावरचा पुरावा लपविण्यासाठी ती पुरली, दुसऱ्याने जगासाठी पुरावा राखण्यासाठी. एकाची चित्रे काचेच्या बरण्यांत जवळजवळ अभंग राहिली, दुसऱ्याच्या निगेटिव्हवर डाग पडले, कडा खाल्ल्या गेल्या. आज ‘दुर्मिळ’ आणि ‘नेत्रदीपक’ म्हणून मिरवतात ती पहिली. डागाळलेली चित्रे पाहताना मात्र आपण नकळत नजर वळवतो. रंगाचा अभाव आणि पृष्ठभागावरील डाग हे येथे कलेचे दोष नाहीत. ती चित्रे ज्या परिस्थितीत निर्माण झाली व टिकली, तिच्या त्या खुणा आहेत.

अर्थात, कृष्णधवल म्हणजे सत्य आणि रंगीत म्हणजे असत्य, असे सोपे समीकरणही मांडता येत नाही. रॉस यांच्याच संग्रहात घेट्टोतील पोलीस व अधिकारी कुटुंबांच्या मेजवान्या, लग्ने, गुटगुटीत मुले यांचीही चित्रे आहेत. ती दीर्घकाळ मागे राहिली आणि 2004 मध्ये पुस्तकरूपाने व्यापक प्रमाणात पुढे आली. पीडितांमध्येही विषमता होती, मृत्यूच्या छायेतही लग्ने लागत होती, हे वास्तव त्यांनी दाखविले. हे वास्तव दाखविण्याचा अधिकार मात्र रॉस यांना होता, कारण तेही त्याच कुंपणाच्या आत होते. गेनेवाइन संध्याकाळी कुंपणाबाहेर आपल्या घरी जात. कॅमेरा कुंपणाच्या कोणत्या बाजूला झोपतो, हा प्रश्न फिल्मच्या रंगापेक्षा अधिक मूलभूत आहे.

6. उसना रंग

या विषमतेची एक उलट प्रतिक्रिया अलीकडच्या काळात दिसू लागली आहे. जुन्या कृष्णधवल चित्रांना संगणकाच्या साहाय्याने रंग देण्याची पद्धत रूढ झाली. ब्राझीलमधील कलाकार मारिना अमारल यांनी आउश्विट्झ स्मारकाच्या सहकार्याने तेथील कैद्यांच्या नोंदणीचित्रांना रंग देण्याचा प्रकल्प हाती घेतला. 14 वर्षांची पोलिश मुलगी चेस्लावा क्वोका हिचे, कैदी-छायाचित्रकार विल्हेल्म ब्रासे यांनी काढलेले चित्र 2018 मध्ये रंगीत रूपात प्रसिद्ध झाले. तिच्या ओठावरील जखम लाल दिसू लागली आणि ‘ही तर आपल्यासारखीच मुलगी’ असा प्रतिसाद जगभरातून आला.

त्यामागील कळवळा खरा आहे. राजवटीने बळींना जो रंग नाकारला, तो त्यांना परत देण्याची ती धडपड आहे. तरीही दोन शंका उरतात. पहिली, हा रंग अभ्यासपूर्ण असला तरी अनुमानाचा आहे. दस्तऐवजावर आपण आपली भावना चढवीत असतो. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एखादी मुलगी रंगीत झाल्यावरच आपल्याला आपलीशी वाटत असेल, तर उणीव छायाचित्रात नाही. येगरच्या रंगांनी दिपणारा आणि रंग नसल्यामुळे चेस्लावाकडे दुर्लक्ष करणारा प्रेक्षक एकच आहे. त्याच्या डोळ्याची सवय न बदलता केवळ चित्राला रंग देणे म्हणजे सवयीला शरण जाणे होय.

7. अध्यापनाच्या दृष्टीने

हिटलरच्या आत्मकथनाचे मराठी अनुवाद आपल्याकडील पुस्तकांच्या दुकानांत आजही सहज मिळतात आणि ते वाचणाऱ्यांत तरुणांची संख्या कमी नाही. ‘कणखर नेता’, ‘शिस्त’, ‘देशप्रेम’ या शब्दांनी त्या राजवटीचे कौतुक करणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात. अशा वेळी रंगीत छायाचित्रे वर्गात दाखवावीत की नाहीत, हा आपल्यासाठी केवळ सैद्धांतिक प्रश्न राहत नाही. ती टाळणे हा उपाय नव्हे. विद्यार्थी ती अन्यत्र पाहतातच. ती दाखविताना तीन प्रश्न त्यांच्यासोबत ठेवता येतात. फिल्म कोणी पुरविली? कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला नकार देण्याची मुभा होती का? आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, चौकटीबाहेर काय चालले होते?

प्रस्तुत लेखकाने पुढच्या वर्षी त्याच वर्गपाठात क्रम बदलला. न्यूरेंबर्गचे चित्र आधी न दाखविता रॉस यांच्या डागाळलेल्या निगेटिव्हवरून काढलेले एक चित्र आधी दाखविले, ते कसे पुरले व कसे उकरले हे सांगितले आणि नंतर येगर यांचे चित्र पडद्यावर आणले. त्या वेळी ‘केवढी शिस्त’ हा उद्गार आला नाही. ‘यांना एवढी फिल्म कुठून मिळत होती?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. एका वर्गातील एका प्रश्नावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची जाणीव आहे. परंतु समीक्षेची सुरुवात जेथून व्हावी, तो प्रश्न हाच होता.

समारोप

मोह चित्रातील सोहळा पाहतो, संताप चित्रात नसलेले दुःख शोधतो आणि संशय चित्रालाच नाकारतो. या तिन्ही प्रतिसादांत तथ्य आहे, पण प्रत्येक जण रंगाला गुण किंवा दोष समजून थांबतो. वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की या छायाचित्रांतील रंग हा प्रथमतः वाटपाचा प्रश्न आहे. कोणाला रंगीत फिल्म मिळाली, कोणाला कृष्णधवल मिळाली आणि कोणाचा कॅमेराच जप्त झाला, यावरून त्या समाजाची रचना स्पष्ट होते. त्या दृष्टीने पाहिले तर प्रचारकाने काढलेले चित्रही प्रचारकाविरुद्ध साक्ष देऊ लागते.

पॅरिस महापालिकेने 2008 मध्ये प्रदर्शन बंद केले नाही आणि जसेच्या तसेही चालू ठेवले नाही. प्रेक्षकाच्या हाती एक कागद दिला. तो मार्ग अपुरा असेल, पण योग्य दिशेचा होता. असा कागद प्रत्येक चित्रासोबत असावा लागतो आणि वर्गात तो लिहिण्याचे काम अध्यापकाचे असते. ‘काल-परवाचे वाटते’ हा विद्यार्थ्याचा दुसरा उद्गार खोटा नव्हता. तो काळ खरोखरच फार दूरचा नाही. मात्र त्या काळातील ज्यांना आपण इतक्या जवळून पाहतो आहोत, ते कुंपणाच्या कोणत्या बाजूचे आहेत, हे विचारल्याशिवाय ही जवळीक स्वीकारू नये, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.